‘भाषा कच्ची’ कोणाची?

रमजान ईदला जिंतूरला गेलो तेव्हा भाचीची मराठीची वही हातात पडली. दुसरीत आहे. तिने लिहिलं होतं, ‘ही माझी पुस्तक आहे.’ वाक्यावर लाल फुली, खाली शेरा : भाषा कच्ची. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “मामू, मेरे कू मराठी नै आती.”

सातव्या वर्षी मुलीचा स्वतःबद्दल निकाल लागून गेला!

आता ती चूक नीट बघा. घरी आम्ही दख्खनी बोलतो. ‘किताब’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘मेरी किताब’. दख्खनीत नपुंसकलिंग नाहीच. पोरीने घरचा नियम शाळेच्या भाषेला लावला. म्हणजे डोकं चाललं. तिला फक्त एवढंच सांगायचं होतं : किताब ‘ती’, पुस्तक ‘ते’.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. प्रोग्रॅम चुकला तर ‘कच्चा’ म्हणून आम्ही सोडून देत नाही. लॉग उघडतो, कुठे आणि का चुकला ते शोधतो. मशीनला मिळणारी ही वागणूक आपल्या लेकरांना का मिळू नये?

बालविकासाचं शास्त्र तर चुकीच्या उत्तरातूनच पुढे गेलं. ज्याँ पियाजे तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. बरोबर उत्तरांपेक्षा त्याचं लक्ष चुकीच्या उत्तरांकडे गेलं. एका वयाची मुलं साधारण एकाच पद्धतीने चुकतात, म्हणजे त्यांच्या विचाराला स्वतःची रीत आहे, हे त्याला दिसलं. त्याच्याच वर्षी, १८९६ मध्ये जन्मलेल्या रशियाच्या लेव्ह वायगॉट्स्कीने आणखी एक गोष्ट सांगितली. मुलाला एकट्याला काय येतं एवढंच पाहू नका. जाणत्याच्या थोड्या मदतीने काय जमतं तेही पाहा. शिकवायची जागा या दोहोंच्या मध्ये असते. माझी भाची नेमकी तिथेच उभी होती. मदतीऐवजी तिला फुली मिळाली.

हे शिक्षकांना माहीत नाही असं थोडंच आहे? टीईटीत १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर नोकरीतल्या शिक्षकांनाही ही परीक्षा द्यावी लागते आहे. पियाजेच्या चार अवस्था गाईडमधून पाठ होतात, पर्यायाचा गोल काळा होतो आणि पियाजे तिथेच राहतो. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाबरोबर ज्ञानरचनावाद हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळांत घुमला. ज्या शिक्षकांनी मनावर घेतलं त्यांच्या वर्गात मुलं मणी-काड्या हाताळत गणित शिकली. बाकी ठिकाणी फरशी रंगली, फोटो निघाले, काम संपलं.

शिक्षकांवर बोजा आहे, मान्य. निवडणूक, ऑनलाइन माहिती, एका खोलीत दोन वर्ग. पण ‘भाषा कच्ची’ लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ‘पुस्तक – ते’ लिहून होतं.

शिवाय ही मेहरबानी नाही, कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९ : शिकवण्याचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी आणि मूल भयमुक्त असावं, मोकळेपणाने बोलावं.

आणि दोस्तांनो, सगळं खापर शाळेवर फोडून आपण सुटणार नाही. उर्दू शाळेत पोर ‘किताबां’ म्हणालं की ‘किताबें बोलो’ म्हणून टोकतात. घरात आपणच दख्खनीला ‘बिगडी हुई उर्दू’ म्हणून हसतो. विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारांत जिच्यात शायरी झाली तीच ही जबान. मग तीन-साडेतीन वर्षांच्या लेकराला कर्ज काढून इंग्रजी शाळेत घालतो आणि नीट पेन्सिल धरता येत नाही तोवर ट्यूशन लावतो. १९३७ मध्ये वर्ध्याला ठरलेल्या ‘नई तालीम’चा आराखडा डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केला. मातृभाषा आणि हाताने करून शिकणं हाच त्याचा पाया होता. आपल्यातल्याच एका मोठ्या माणसाने सांगितलेलं आपणच विसरलो.

मग करायचं काय? तुमच्यातले जे टीईटीची तयारी करताहेत, त्यांनी ते ३० गुण मिळवाच, पण पियाजेला वर्गातही न्या. बाकीच्यांनी आपल्या घरच्या पालकांना शाळा व्यवस्थापन समितीत बसवा. कायद्याने तिथे किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आपले पालक मात्र बहुतेक वेळा सहीपुरतेच जातात. तिथे तीनच प्रश्न विचारा. पहिली-दुसरीत मुलांना घरच्या बोलीत बोलू देता का? मणी-काड्या कपाटातून बाहेर निघतात का? चुकीच्या उत्तरावर फुलीशिवाय काय लिहिता? आवाज चढवू नका, पण उत्तर घेतल्याशिवाय उठूही नका.

माझी आपा पुढच्या सभेला जाणार आहे. सोबत ती वही नेणार आहे.