छाप कोणती विचारता? आधी छप्पर पाहा!

दिवाळी आली, की आमच्या अनसिंगमध्ये हल्ली एकच शास्त्रार्थ रंगतो. सोयाबीन विकून हाती चार पैसे आलेले असतात, वाशिमच्या दुकानांवर सवलतीच्या पताका फडकत असतात, आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता थोरले चिरंजीव विचारतात, "बाबा, एसी घ्यायचा तर कोणत्या कंपनीचा?" झाले! काका व्होल्टासच्या बाजूने उभे राहतात, मामा ब्लू स्टारचा झेंडा धरतात, आणि पुण्याचे जावईबापू जपानी नावाखेरीज दुसरे ऐकून घ्यायला तयार नसतात. आमचे म्हणणे असे, की हा वादच मुळात खोटा आहे.

ब्लू स्टार १९४३ साली मोहन अडवाणींनी काढली. व्होल्टास १९५४ साली टाटा आणि व्होल्कार्ट या स्विस पेढीच्या भागीदारीतून निघाली. दोन्ही घराणी जुनी नि मानाची, याबद्दल वाद नाही. पण वाचकहो, पंजाबातील राजपुऱ्याची अँबर नावाची कंपनी अनेक नामवंत कंपन्यांसाठी यंत्रे नि त्यांचे भाग तयार करून देते, हे या पंडितांपैकी किती जणांना ठाऊक आहे? एकाच मांडवात पाच नवरदेव उभे, आणि आम्ही बाशिंगावरून वराची परीक्षा करणार!

नावाची पाटी सोडा आणि ताऱ्यांची चिठ्ठी वाचा. एक टन थंडावा म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढा. यंत्राची ही ताकद मोजताना बाहेरचा पारा ३५ अंश धरलेला असतो. ३५! वैशाखात एखाद्या दिवशी पारा ३५ वर थांबला तर वऱ्हाडात त्याला गारवा म्हणतात. वर्षाच्या विजेचा जो आकडा चिठ्ठीवर छापतात तो १६०० तासांचा, आणि त्याचा हिशेब बाहेरच्या ४३ अंशांशी येऊन थांबतो. शेजारच्या अकोल्यात पारा ४५ ओलांडतो तेव्हा आपण काही महाबळेश्वरी राहायला जात नाही. बाहेर जितकी आग, तितकी यंत्राची ताकद कमी. म्हणून दुकानदाराला विचारायचे ते हे: "४६ अंशांत हे यंत्र किती थंडावा देईल?" तो नाव सांगू लागला, तर पुढचे दुकान गाठावे.

आणि छपराचे काय? आमच्या आजोबांची धाब्याची घरे होती. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, दाराला वाळ्याची ताटी. ती पाडून आम्ही सिमेंटचा स्लॅब टाकला. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर घरात ओकतो. त्या स्लॅबशी झुंजण्यासाठी आता यंत्र आणायचे, त्याचे बिल भरायचे, आणि गच्चीवर दोन हात चुना मारायला मात्र कुणाला सवड नाही! चुन्याला कंपनीचे नाव नसते ना. तो पाहुण्यांना दाखवता येत नाही.

कुणी म्हणेल, या गृहस्थांना सुधारणाच नको. तसे नाही. कूलर चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत उत्तम; पण रोहिण्या सरून मृगाची दमट हवा आली, की तो नुसता ओलावा फेकतो. त्यात टंचाईच्या दिवसांत त्याच्या टाकीत ओतायला पाणी आणायचे कुठून? घरात म्हातारी माणसे आहेत, लेकरे आहेत. उन्हाने माणसे दगावतात. एसी जरूर घ्यावा. आमच्या गावाचे नाव शृंगऋषींवरून पडले असे जुनी माणसे सांगतात. त्या ऋषींच्या पावलांनी अंगदेशच्या रोमपाद राजाच्या कोरड्या राज्यात पाऊस आला होता; त्यांच्या गावकऱ्यांनी थंडाव्याची इच्छा धरली तर त्यात पाप कसले?

पण घेण्याची वेळ तरी पाहा! संपूर्ण यंत्राची हमी बहुधा एक वर्षाची. दिवाळीत आणलेले यंत्र फाल्गुनापर्यंत भिंतीवर झोपा काढणार आणि हमीचे चार महिने फुकट जाणार. सवलत त्याहून मोठी असेल तर गोष्ट वेगळी. निदान बेरीज-वजाबाकी तरी करावी. तसेच भर मे महिन्यात गॅस गळला, की अनसिंगला मेकॅनिक किती दिवसांत पोचतो, हे घासाघीस करण्याआधी विचारावे. जो दुकानदार ते बिलावर लिहून देईल, त्याची कंपनी चांगली.

आता सर्वांत झोंबणारी गोष्ट. हे यंत्र बसते कुठे? बैठकीत! लगीनसराईत येणाऱ्या सोयऱ्यांना दिसावे म्हणून. तिथे १८ अंशांवर पुरुषमंडळी शाल पांघरून बसतात. सरकारने १ जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांना मुळातच २४ अंशांवर सुरू व्हायची सक्ती केली, पण रिमोट यांच्याच हातात. आणि भिंतीपलीकडे, पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या स्वयंपाकघरात, घरची बाई शेगडीपुढे वीस माणसांच्या पोळ्या लाटते. पंखा लावावा तर ज्योत विझते. शेगडीजवळ एसी चालायचा नाही, हे आम्हालाही कळते. पण धूर नि वाफ बाहेर ओढणारा एक पंखा? खिडकीवर एक छज्जा? आणि यंत्र बैठकीऐवजी, ती रात्री जिथे पाठ टेकते त्या खोलीत? छापेच्या या शास्त्रार्थात तिला कुणी एक शब्द विचारल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही. तिला विचारा. ती कंपनीचे नाव सांगणार नाही, भिंत दाखवील.