नकाशावरचा सामाईक बांध

रविवारी जेवणं उरकली की मी लॅपटॉप उघडतो आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या घरी बसून आमच्या दौंड तालुक्यात फिरून येतो. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 पासून स्वयंसेवकांनी मिळून उभा केलेला नकाशा. कुणीही खातं उघडावं आणि आपल्या गावचा रस्ता, शाळा, देऊळ त्यात भरावं. इतक्या लांबून गावासाठी काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

एकदा मात्र मी घोळ घातला. उपग्रहाच्या फोटोत भीमेचा काठ थोडा वेगळा दिसला, म्हणून नदीचे बिंदू ओढून जुळवले. त्याच बिंदूंना पुणे-अहिल्यानगर जिल्ह्यांची हद्द चिकटवलेली होती. नदीबरोबर तीही सरकली! दुसऱ्या दिवशी एका अनोळखी स्वयंसेवकाचा निरोप आला, 'तुम्ही श्रीगोंद्याची जमीन दौंडात आणलीत.' फोनवर आबांना सांगितलं, तर ते हसत म्हणाले, 'अरे, इथं वीतभर बांध कोरला तरी लोक कोर्टात जातात. तू तर जिल्हाच कोरलास की!'

आबांनी नेमकं वर्म सांगितलं. दोन शेतांमधला सामाईक बांध एकच असतो. नकाशातही दोन जिल्ह्यांमध्ये रेषा एकच हवी आणि ती दोघांच्याही नोंदीत हवी. प्रत्येकाने आपापली वेगळी काढली, की कुठे फट पडते, कुठे एकच जमीन दोघांच्या नावावर लागते.

पालघरचंच बघा. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून हा जिल्हा वेगळा झाला. नकाशात त्यासाठी नवं काही रेखाटायची गरजच नाही. गुजरातलगतची हद्द ठाण्याच्या नोंदीतून काढून पालघरच्या नोंदीत घालायची. वसई-भिवंडी, वाडा-शहापूर या तालुक्यांमधल्या जुन्याच रेषा आता जिल्ह्याच्याही झाल्या.

काहीजण म्हणतात, हद्दींचा थर वेगळा करून कुलूपबंद ठेवा. मला ते पटत नाही. गावची माहिती गावच्या माणसालाच असते. त्यालाच बाहेर ठेवून कसं चालेल? माझं म्हणणं एवढंच, की हद्द हद्दीला जोडा, नदी-रस्त्याला नको. नदी पात्र बदलते, रस्ता रुंद होतो; जिल्ह्याची हद्द मात्र सरकारी आदेशाशिवाय हलत नाही. नदी दुरुस्त करताना हद्दी फिल्टर लावून लपवताही येतात.

माझ्या चुकीने कुणाचा सातबारा बदलला नाही, हे खरं. पण हा डेटा कुणीही फुकट उतरवून वापरतं. त्यावरून तालुकावार शाळा, दवाखाने मोजले, तर काठावरची वस्ती भलत्याच यादीत जाते.

तेव्हा मंडळी, गावाचा नकाशा जरूर भरा. फक्त सेव्ह करण्याआधी ती रेषा आणखी कुणाकुणाची आहे ते बघा आणि शंका आली तर घरी एक फोन करा. आमच्या आबांना भीमेकाठचे बांध अजून तोंडपाठ आहेत.