लहान केंद्रांची रात्र

अमेरिकेत एएम नभोवाणीची, म्हणजे मध्यम लहरींवरून प्रसारण करणारी, अनेक लहान केंद्रे अशी आहेत की ज्यांना सूर्य मावळताच प्रक्षेपण थांबवावे लागते किंवा दिवसाच्या हजार-पाच हजार वॉटवरून थेट काही मोजक्या वॉटवर उतरावे लागते. उत्तरेकडील राज्यांत डिसेंबरमध्ये साडेचार-पाचलाच सूर्यास्त होत असल्याने लोक कामावरून परतण्याच्या वेळी, गावातील शाळांचे सामने सुरू होण्याच्या वेळी आणि ज्या भागात चक्रीवादळाचा धोका असतो तेथे इशाऱ्याची सर्वाधिक गरज असलेल्या रात्री गावचेच केंद्र गावाला ऐकू येईनासे होते. या उणिवेकडे आजवर केंद्रचालकांची व्यावसायिक अडचण म्हणून पाहिले गेले, परंतु तिचा खरा भार श्रोत्यांवर पडतो आणि म्हणूनच तिच्या निवारणाची जबाबदारी नियामक संस्थेने स्वीकारली पाहिजे.

या अडचणीचे मूळ निसर्गात आहे. मनोऱ्यातून निघालेल्या मध्यम लहरींचा एक भाग जमिनीलगत पसरतो, त्यास भूलहर म्हणतात, तर दुसरा भाग वर आकाशात जातो. दिवसा आयनांबराचा, म्हणजे सूर्यकिरणांमुळे विद्युतभारित झालेल्या वातावरणाच्या वरच्या पट्ट्याचा, सर्वांत खालचा थर या वर जाणाऱ्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर हा थर झपाट्याने विरतो आणि त्याच लहरी आणखी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. भूलहर रात्रीही दिवसाइतकीच दूर जाते; तिच्यावर दूरच्या डझनावारी केंद्रांच्या आकाशलहरी येऊन आदळतात आणि त्या कोलाहलात ती बुडून जाते.

यावर शक्ती वाढवून द्यावी ही मागणी साहजिक असली तरी ती फारशी फलदायी नाही. शक्ती दहापट केली तरी क्षेत्रतीव्रता, म्हणजे श्रोत्याच्या घराजवळ लहरींचे मोजले जाणारे बळ, सव्वातीन पटीहूनही कमीच वाढते, आणि हीच सवलत त्याच वारंवारतेवरील सर्वांना मिळाली तर एकमेकांच्या व्यत्ययाचे प्रमाण जसेच्या तसे राहते. जत्रेत सगळ्यांनीच आवाज चढवला तर कोणाचेच बोलणे अधिक स्पष्ट ऐकू येत नाही. १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० आणि १४९० किलोहर्ट्झ या सहा 'स्थानिक' वारंवारतांवर प्रत्येकी शंभराहून अधिक केंद्रे दाटीवाटीने बसवलेली आहेत. १९८० च्या दशकात त्या सर्वांची रात्रीची मर्यादा २५० वॉटवरून एक किलोवॉट करण्यात आली. त्यामुळे वीजउपकरणांच्या खरखरीवर मात करण्यास मदत झाली असली, तरी परस्परांतील व्यत्यय हटला नाही आणि आजही त्यांतील पुष्कळ केंद्रे रात्री काही मैलांपलीकडे धडपणे ऐकू येत नाहीत.

दुसरा मार्ग ५० किलोवॉटच्या मोठ्या केंद्रांचे रात्रीचे संरक्षण कमी करण्याचा सुचवला जातो. नॅशव्हिलचे डब्ल्यूएसएम किंवा शिकागोचे डब्ल्यूजीएन यांसारख्या केंद्रांच्या आकाशलहरी अनेक राज्यांत ऐकू याव्यात म्हणून त्यांच्या वारंवारता पूर्वापार राखून ठेवल्या आहेत, आणि आणीबाणीत राष्ट्रीय इशारे पोहोचवण्याच्या यंत्रणेतही त्यांपैकी अनेकांचा समावेश आहे. हे संरक्षण काढल्यास काही लहान केंद्रांना थोडी जागा मिळेल. मात्र ज्या विरळ वस्तीत दुसरे कोणतेच केंद्र पोहोचत नाही तेथील श्रोत्यांच्या हाती असलेले एकमेव केंद्रही त्याच कोलाहलात जाईल. हा व्यवहार घाट्याचा आहे.

त्या मानाने सर्वांत मोठा लाभ एका साध्या तडजोडीने दिला. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक आयोगाने २००९ मध्ये एएम केंद्रांना एफएम 'ट्रान्सलेटर' वापरण्याची मुभा दिली. ट्रान्सलेटर म्हणजे मूळ केंद्राचा कार्यक्रम एफएमवर पुन्हा प्रक्षेपित करणारा, जास्तीत जास्त २५० वॉटचा यंत्रसंच. आकाशातून येणाऱ्या व्यत्ययाची बाधा त्याला सहसा होत नाही, आणि केवळ दिवसा चालणाऱ्या केंद्रांना त्यावरून रात्रीही कार्यक्रम चालू ठेवता येतो. आयोगाने २०१५ मध्ये या सोयीचा विस्तार केला हे योग्यच झाले. तरीही तिच्यात एक मोठी त्रुटी आहे: ट्रान्सलेटरला दुय्यम दर्जा असल्याने पूर्ण शक्तीच्या एखाद्या एफएम केंद्राला त्याचा उपद्रव होत असल्याचे सिद्ध झाल्यास तो बंद करावा लागतो. ज्या आधारावर एखाद्या गावाची संपूर्ण रात्रीची सेवा उभी आहे, तो आधार असा उपटता येण्याजोगा ठेवणे अन्यायाचे आहे. जेथे मूळ केंद्राला रात्री नाममात्रच शक्ती मिळते, तेथे तरी ट्रान्सलेटरला कायम दर्जा द्यावा.

जेथे एफएमच्या पट्ट्यात जागाच उरलेली नाही अशा शहरांसाठी समकालिक प्रक्षेपण, म्हणजे एकाच वारंवारतेवर काटेकोरपणे जुळवलेले अनेक लहान प्रक्षेपक, हा उपाय अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या 'रेडिओ फाइव्ह लाइव्ह'ने ६९३ आणि ९०९ किलोहर्ट्झवर देशभरातील प्रक्षेपक दीर्घकाळ अशाच पद्धतीने चालवले आहेत. दोन प्रक्षेपकांचे बळ जेथे सारखे भरते त्या पट्ट्यात आवाज विरूप होतो हे खरे, पण तो पट्टा शेतांवर किंवा पाण्यावर पडेल अशी आखणी करता येते आणि उपग्रहांच्या साहाय्याने वारंवारता जुळवणे आता स्वस्तही झाले आहे. अमेरिकेत मात्र अशा प्रक्षेपकांना मुख्यतः प्रयोग म्हणूनच परवानगी मिळत आली आहे.

या सगळ्यांआधी करण्याजोगे आणि कोणाचेही हित न दुखावणारे काम विद्युत खरखरीच्या बंदोबस्ताचे आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि सौरसंचांचे इन्व्हर्टर यांतून निघणारा गोंगाट मध्यम लहरींच्या पट्ट्यातच पसरतो. त्यावर मर्यादा घालणारे नियम अस्तित्वात आहेत, पण निकृष्ट माल बाजारात आल्यावर तो हुडकून परत मागवण्याची तत्परता क्वचितच दिसते. मोजक्या वॉटवर चालणाऱ्या केंद्राला रात्री आणखी दोन-तीन मैल मिळवून देण्यासाठी नवे मनोरे उभारण्यापेक्षा हा गोंगाट थोपवणे स्वस्त आहे, आणि त्यासाठी आयोगाला नव्या कायद्याची गरज नाही. तपासणीसाठी पुरेशी माणसे हवी आहेत.