हुबेहूब आणि स्वतःचे

एखाद्या गायकाने अगर वाद्यवृंदाने आपला रूढ बाज सोडला की त्याच्या चाहत्यांत नाराजीचा सूर उमटतो. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतील अनेकांनी त्याची हुर्यो उडविली. आजही तरुणांचा आवडता वाद्यवृंद नव्या ध्वनिमुद्रिकेत निराळा सूर लावू लागला, की आमच्या शाळेतील वरच्या वर्गांची मुले 'आधीचीच गाणी बरी होती' असा शेरा मारतात. अशा वेळी आम्ही त्यांना आपल्याच मातीतील एक उदाहरण सांगतो.

बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी या बालकाचा जन्म झाला. घरची भाषा कन्नड. नामांकित गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा मुलगा त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. थोरामोठ्यांनी तोंडात बोटे घातली आणि एका मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्यापाशी त्यांचे रीतसर शिक्षण झाले. नाव झाले, मैफली रंगू लागल्या. आणि ऐन उमेदीत क्षयाने गाठले. १९४८ च्या आरंभी हवापालटासाठी ते माळव्यातील देवासला गेले. गाण्यास सक्त मनाई होती. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध लागू पडले. परंतु एक फुप्फुस कायमचे निकामी झाले.

ज्याला गाता येत नव्हते तो त्या वर्षांत काय करीत होता? तो ऐकत होता. माळव्यातील बायाबापड्यांची गाणी, जोग्यांची निर्गुणी भजने अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या कानी येत होती. चारपाच स्वरांच्या त्या धुनांत रागांची बीजे दडलेली आहेत, हे त्याला उमगले. १९५३ च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा लोकांनी जुने गाणे शोधले आणि ते सापडले नाही. ताना आखूड, पण विजेसारख्या. स्वराचा लगाव कधी हळुवार, कधी एकदम धारदार. आणि मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे धुनांतून उगम पावलेले राग! घराण्याची शिस्त मोडली म्हणून जाणकारांपैकी काहींनी नाके मुरडली.

कोणी म्हणतात, हा सारा एका फुप्फुसाचा परिणाम. आम्हांस हे अपुरे वाटते. श्वास तोकडा पडल्याने तान आखूड होईल; पण त्यामुळे नवा राग सुचत नाही. व्याधीने जुनी वाट बंद केली, एवढेच. नवी वाट त्यांच्या कानांनी शोधली. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'अनुपरागविलास' या ग्रंथात या शोधाची साक्ष आहे.

आपल्या सीमाभागात 'बदल' या शब्दाचीच धास्ती वाटते. घरात मराठी, बाजारात कन्नड, पडद्यावर हिंदी. अशा वेळी जे आहे ते जसेच्या तसे जपावे, असे आईबापांना वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच स्नेहसंमेलनात एखादी मुलगी प्रसिद्ध गायिकेची हुबेहूब नक्कल करते तेव्हा टाळ्यांचा कडकडाट होतो. टाळ्या जरूर वाजवाव्यात. नक्कल ही शिक्षणाची पहिली पायरी आहे; ती कुमारांनीही चढली होती. मात्र तीच शेवटची ठरू नये. सुळेभावीच्या कन्नड घरातील हा मुलगा माळव्याची लोकगीते गायला, कबीर गायला, आमच्या तुकोबांचे अभंगही गायला. त्यामुळे ना कन्नडचे काही उणे झाले, ना मराठीचे.

तेव्हा पालकहो, मुलाने पाठ केलेले गाणे सफाईने म्हटले की त्याची पाठ थोपटा आणि मग हळूच विचारा, 'बाळ, आता हेच तुला कसे गावेसे वाटते?' पहिला प्रयत्न कदाचित बेसूर निघेल. तो ऐकून घेण्याचा धीर मात्र आपणांपाशी हवा.