दाजी, १५० पीएसआय कशाला हवेत?

गेल्या रविवारी दाजी नवं खेळणं घेऊन आले. मुठीत मावेल एवढं, चार्जिंगवर चालणारं, गाडीच्या चाकात हवा भरायचं मशीन. "१५० पीएसआय मारतं!" म्हणाले. बहिणीने डोळे वटारले म्हणून मी गप्प बसलो. इथे मात्र बोलणार, ब्लॉग माझा आहे :)

आधी डिसेंबरातली गोष्ट. आईला घेऊन कोपरगावहून नगरला येत होतो. (२०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच बसलंय.) कोल्हार सोडलं आणि राहुरी यायच्या आत मागचं डावं चाक बसायला लागलं. रात्रीचे साडेनऊ. उसाचा सीझन, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या एकामागून एक. डिकी रिकामी करून स्टेपनी काढली, तर तीही बसलेली! तीन वर्षांत तिची हवा कोणी तपासली होती? मी तर नाहीच. आई कडेला शाल गुंडाळून उभी, आणि ट्रॉली आली की मी तिला आणखी मागे सरकवतोय. शेवटी एक जीपवाला थांबला. त्याच्याकडे लायटरच्या सॉकेटला लावायचं एक जुनाट, कर्कश मशीन होतं. चाकात खिळा होता, हवा हळूहळू जात होती. पाच-सात मिनिटांत हवा भरली आणि राहुरीच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचलो. चाक काढायचीसुद्धा गरज पडली नाही.

पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यावीच लागते, मग मशीन कशाला, असं काकांचं म्हणणं. खरं आहे. त्या रात्री त्याआधीच्याच पंपावर थांबलो होतो. "मशीन बंद आहे साहेब."

आता दाजींचे १५०. आपल्या गाडीला लागतात ३०-३५. दीडशे हा आकडा खोक्यावर छापायला असतो. विचारायचं ते मिनिटाला किती लिटर हवा देतं हे. छोट्या गाडीच्या टायरात साधारण पंचवीस-तीस लिटर जागा असते. पूर्ण बसलेला टायर ३३ वर न्यायचा तर साठ-पासष्ट लिटर बाहेरची हवा आत कोंबावी लागते. मुठीएवढं मशीन त्यात धापा टाकतं, तापतं, मध्येच विश्रांती मागतं.

आणि बॅटरी! मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीची भट्टी होते. लिथियम बॅटरीला ती मानवत नाही. शिवाय चार्ज करायची आठवण कोण ठेवणार? ज्याने तीन वर्षं स्टेपनीकडे पाहिलं नाही तो? म्हणजे ही दुसरी स्टेपनीच झाली की.

मी वायरचंच घेतलं. दुकानदाराला आधी वायर उलगडायला लावली, मागच्या चाकापर्यंत पोचते का ते बघायला. नोझल आट्याचं, कारण दाबून बसवायचं सुटतं आणि भरलेली हवाही जाते. ठरवलेल्या आकड्यावर आपोआप बंद होणारं. सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत दहा-पंधरा अँपिअरचा असतो, तोही गाडीच्या पुस्तकात पाहून घेतला. हवा भरताना इंजिन चालू ठेवायचं. मशीनच्या काट्यावर माझा विश्वास नाही, म्हणून वेगळा गेज घेतला; सकाळी चाकं थंड असताना मोजायचं. टायर बाजूने फाटला तर मात्र यातलं काहीच कामाचं नाही, तिथे स्टेपनीच लागते. म्हणूनच २०२० च्या नियमाचा मला राग येतो. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं की कंपनीने स्टेपनी नाही दिली तरी चालतं! हा नियम करणाऱ्यांनी रात्री कोल्हार ते राहुरी एकदा गाडी चालवून बघावी.

नगरच्या रणगाडा संग्रहालयातल्या गाड्या बऱ्या, पंक्चरची भानगडच नाही.

असो. दाजी, वाचत असाल तर येत्या रविवारी तुमचं मशीन घेऊन या. माझ्या स्टेपनीतली सगळी हवा सोडून ठेवतो. चार्ज करून आणा म्हणजे झालं.