वातीची निगा

पूजासाहित्याचे ‘अर्थ’ सांगणारे एक वाङ्मय गेल्या काही दशकांत मराठीत उदंड वाढले आहे. देवळाबाहेरच्या दुकानांतील पुस्तिका, उत्सवमंडळांच्या स्मरणिका, परदेशस्थ मराठी मंडळांची वार्षिके आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरून फिरणारे संदेश अशी त्याची रूपे अनेक. सूत्र मात्र एकच. नारळ म्हणजे अहंकार, कापूर म्हणजे अहंकाराचा विलय, घंटा म्हणजे ओंकार. दिवा म्हणजे ज्ञान, तेल म्हणजे वासना आणि वात म्हणजे पुन्हा अहंकार. एकाच ताटात अहंकार दोनदा कसा आला, असा प्रश्न या वाङ्मयाचा वाचक विचारीत नाही. कारण त्याला अर्थ नको असतो, आश्वासन हवे असते. आपण करतो ते निरर्थक नाही, एवढे कुणी सांगितले की त्याचे समाधान होते.

हे वाङ्मय निरुपद्रवी आहे, असे समजून मराठी समीक्षेने त्याच्याकडे आजवर दुर्लक्ष केले. वस्तुतः ते निरुपद्रवी नाही. वस्तूचा गौरव करण्याच्या मिषाने ते वस्तूच नाहीशी करते. हे विधान कठोर वाटेल. म्हणून ते एका दिव्यावर पारखून पाहणे इष्ट.

कावेरीच्या खोऱ्यात कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूर हे क्षेत्र आहे. ‘मरुदम्’ म्हणजे अर्जुनवृक्ष, आपला अर्जुनसादडा. श्रीशैलचा मल्लिकार्जुन आणि दक्षिणेकडील तिरुप्पुडैमरुदूर यांच्या मधला तो मध्यार्जुन, अशी या स्थळाची परंपरागत ओळख. येथील महालिंगस्वामीच्या मंदिराला तंजावरच्या मराठा राजघराण्यातील अम्मणी नावाच्या स्त्रीने दिवा धरलेली एक धातूची स्त्रीमूर्ती अर्पण केली. अशा दीपधारिणीला तमिळमध्ये ‘पावै विळक्कु’ म्हणतात. पादपीठावर तमिळ लेख आहे आणि त्याचा काळ इ. स. १८५३ आहे. आप्तांपैकीच असलेल्या प्रतापसिंहाशी आपला विवाह व्हावा म्हणून तिने येथे लक्षदीपांचा नवस केला होता. मनोरथ पूर्ण झाला, तिने दिवे लावले आणि त्या लाखांतला एक म्हणून स्वतःची प्रतिमा हाती दिवा देऊन देवापुढे उभी केली. (अठराव्या शतकात तंजावरच्या गादीवर असलेला त्याच नावाचा राजा तो हा प्रतापसिंह नव्हे.)

आता हा दिवा पुस्तिकाकाराच्या हाती द्यावा. तो सांगेल की दिवा म्हणजे ज्ञान, स्त्री म्हणजे प्रकृती, तिची ओंजळ म्हणजे समर्पण. यातले प्रत्येक विधान जगातल्या कोणत्याही दीपधारिणीला सारखेच लागू पडते, म्हणून या दीपधारिणीविषयी त्यातून काहीच कळत नाही. अम्मणी गेली, प्रतापसिंह गेला, नवस गेला, लाखांची मोजणी गेली. मराठी राजकुळातील स्त्रीने आपले मनोगत तमिळ लिपीत कोरून घेतले, ही विलक्षण गोष्टही गेली. १८५५ मध्ये दुसरा शिवाजी पुरुष वारसावाचून वारला आणि कंपनी सरकारने तंजावरची गादी खालसा केली. त्याच्या अवघी दोन वर्षे आधी त्या कुळातील एक स्त्री आपल्या सुखाचे ऋण तेलावातीने फेडीत होती, हा इतिहासही त्या ‘ज्ञाना’च्या झगमगाटात दिसेनासा होतो.

पूजेतील वस्तूचा अर्थ तिच्या विनियोगात असतो. ती कोणी दिली, कशासाठी दिली, तिला रोज काय लागते, ते कोण पुरवितो आणि कोणाला तिच्याजवळ येऊ दिले जात नाही, या प्रश्नांच्या उत्तरांतून तो उलगडतो. चोळकालीन शिलालेख या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. अखंड दिव्यासाठी देणगी म्हणजे बहुधा ९६ मेंढ्या. त्या ज्या धनगराच्या हवाली होत, त्याने रोज एक उळक्कु तूप देवळात पोचवायचे. कळपातील मेलेल्या जनावरांची जागा नव्याने भरून काढायची, म्हणजे लेखांच्या भाषेत त्या मेंढ्यांना मरण नाही आणि म्हातारपणही नाही. ‘अखंड’ या शब्दाचा अर्थ येथे कोणत्याही तत्त्वचिंतकापेक्षा धनगराला अधिक नेमका ठाऊक होता. तिरुविडैमरुदूरच्याच परिसरातील तिरुक्कोडिकावल येथे राणी सेंबियन महादेवीने विटांचे जुने मंदिर दगडात बांधविले, तेव्हा जुने दानलेख नव्या भिंतींवर उतरवून घेतले. इमारत बदलली तरी कोणाच्या दानाने काय चालते याचा हिशेब बदलू नये, हा त्यामागचा विवेक होता.

प्रतीकवाद्यांचा आवडता दावा असा, की आपण वाच्यार्थाच्या पलीकडचा व्यंग्यार्थ दाखवितो. संस्कृत काव्यशास्त्राचा असा आधार घेणाऱ्यांनी ते शास्त्र निदान एकदा उघडून पाहावे. ध्वनिसिद्धान्ताचा प्रवर्तक आनंदवर्धन याने दृष्टान्तासाठी दिवाच निवडला आहे. ज्याला उजेड हवा तो दीपशिखेची काळजी घेतो, कारण ती उजेडाचा उपाय आहे. त्याचप्रमाणे ज्याला व्यंग्यार्थ हवा त्याने वाच्यार्थाचा आदर केला पाहिजे, असे तो ‘ध्वन्यालोका’त सांगतो. पुढे घट आणि प्रदीप यांचा न्याय येतो: दिव्यामुळे घट दिसला म्हणून दिवा विझत नाही. तसाच व्यंग्यार्थ प्रकट झाल्यावरही वाच्यार्थ उरतो. आमचे पुस्तिकाकार नेमके उलट करतात. घट दिसताच ते दिव्यावर फुंकर घालतात. त्यांच्या पद्धतीला व्यंजना म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. शब्दकोशाच्या दोन रकाने पाडलेल्या पानाशीच तिचे खरे नाते.

मीमांसकांची साक्ष याहूनही स्पष्ट आहे. द्रव्य, देवता आणि त्याग ही यागाची अंगे. त्यांत द्रव्याला त्यांनी रूपकात विरघळू दिले नाही. द्रव्य मिळाले नाही तर प्रतिनिधी कोणता घ्यावा याचा त्यांनी काटेकोर विचार केला आणि सोमवल्लीच्या अभावी पूतीका चालेल असे ठरविले. परंतु प्रतिनिधी हा प्रतिनिधीच, हे भान त्यांनी सोडले नाही. प्रतीकवाद्याला हे भान ठेवण्याची सोयच नाही. दिवा म्हणजे केवळ ज्ञानाचा उजेड असेल, तर समईपेक्षा विजेचा गोळा अधिक ज्ञानी ठरतो. देवघरात लुकलुकणारी प्लास्टिकची ज्योत आली, ती या तर्काच्याच वाटेने आली. वीज वाईट म्हणून हा आक्षेप नाही. समईत तेल घालावे लागते, वात सारावी लागते, काजळी झाडावी लागते आणि त्यासाठी घरातल्या कुणाला तरी उठावे लागते. हे उठणे म्हणजेच उपासना होती. ते वजा केल्यावर उरते ती सजावट.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला श्रद्धावंतांचा: अर्थ सांगितले नाहीत तर नवी पिढी या वस्तू टाकून देईल. अनुभव मात्र असा, की ज्याला दिवा म्हणजे ज्ञान एवढेच सांगितले, तो सुज्ञ तरुण ज्ञान ठेवून दिवा टाकतो, आणि तर्काच्या दृष्टीने त्याचे काही चुकत नाही. दुसरा आक्षेप सुधारणावाद्यांचा: वस्तूंचे हे महत्त्व म्हणजे संतांनी धिक्कारलेले कर्मकांडच. पण संतांचा रोष दंभावर आणि भेदावर होता. पहाटेचा काकडा वारकऱ्यांनी सोडला नाही. आणि ज्ञानेश्वरीतील दिव्याचे दृष्टान्त समजण्यासाठी श्रोत्याच्या बोटांना वातीची ओळख असावीच लागते.

किंबहुना भेदाचा प्रश्न झाकला जातो तो प्रतीकवादामुळे. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला प्राण पणाला लावले, ते विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून. प्रश्न दाराचा होता, उंबरठ्याचा होता, समचरणांवर डोके ठेवण्याचा होता. ‘देव म्हणजे चैतन्य, ते सर्वत्र आहे’ हे सुंदर वाक्य त्या वेळी दार बंद ठेवू पाहणाऱ्यांच्याच सोयीचे होते. वस्तू आणि स्थळ यांना जो खरे मानतो, त्यालाच त्यांच्यापासून दूर ठेवल्याचा अन्याय दिसतो. ज्याच्या लेखी सारेच प्रतीक, त्याला कुणीच बाहेर उभे असलेले दिसत नाही.

मराठी लोकाचाराने हे फार पूर्वी ओळखले होते. आषाढी अमावस्येला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांचीच पूजा करतात. त्या दिवशी दिवा कशाचेही प्रतीक नसतो, स्वतःच पूज्य असतो. त्या दीप-अमावस्येची ‘गटारी’ झाली, याचा दोष केवळ मद्यपींना देऊन चालणार नाही. दिव्याला निव्वळ अर्थ करून ठेवणाऱ्यांनी ती जागा आधीच रिकामी करून ठेवली होती.

समीक्षेचे येथे एक साधे कर्तव्य आहे. कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविलमध्ये आजही कारागीर कावेरीकाठच्या मातीच्या साच्यांत समया ओततात. बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा हंस असे सुटे भाग घडवून एकमेकांत फिरवून बसवितात. त्या मातीविषयी, त्या हातांविषयी, जेजुरीच्या दीपमाळा नवसाने उभारणाऱ्यांविषयी आणि तिरुविडैमरुदूरच्या अम्मणीविषयी मराठीत लिहिले गेले पाहिजे. तंजावरचे मराठीपण आपण नाटकांच्या आणि हस्तलिखितांच्या याद्यांत शोधतो. ते एका तमिळ लेखाच्या वर हातात दिवा धरून उभे आहे, इकडे आपले लक्ष जात नाही. लाख दिव्यांतला एक होण्यात त्या स्त्रीला धन्यता वाटली. त्या एका दिव्याला ‘ज्ञान’ म्हणून मोकळे होण्याऐवजी त्याचे तेल, त्याची वात आणि त्याच्या धनिणीचे नाव आपण नीट वाचावे, हे अधिक अवघड आहे आणि अधिक धार्मिकही.