चौथ्या अल्बमचा हक्क

गेल्या महिन्यात पुण्याला भाच्याकडे गेले होते. भाचा चाळिशीचा, चांगल्या नोकरीत, पण घरात पाऊल टाकलं की आधी नजरेत भरतात त्या त्याच्या जुन्या तबकड्या. भिंतभर. रविवारची सकाळ होती, पोहे खाऊन झाले होते. तो म्हणाला, "मावशी, आज तुला तुझ्याच वयाच्या बायकांचं गाणं ऐकवतो." मला वाटलं, भावगीतं असतील. त्यानं सुई टेकवली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. आतून सूनबाई ओरडल्या, "अरे, आवाज कमी कर, मावशींना त्रास होईल!"

त्रास झाला नाही. आश्चर्य मात्र वाटलं. गिटारचा तो करकरीत आवाज, मागून ढोल बडवल्यासारखे ड्रम्स, आणि हे सगळं वाजवणाऱ्या चारही जणी बायका. वाद्यवृंदाचं नाव 'गर्लस्कूल'. लंडनच्या या मुलींनी १९७८ साली तो उभा केला. किम मॅकऑलिफचा जन्म १९५९चा, केली जॉन्सनचा १९५८चा. माझाही १९५९चा. भाचा खोटं बोलत नव्हता.

त्यानं दोन तबकड्या एकापाठोपाठ लावल्या. पहिली १९८१ची 'हिट अँड रन', दुसरी १९८३ची 'प्ले डर्टी'. मग एखाद्या परीक्षकासारखा मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आता सांग, मधल्या दोन वर्षांत काय बिघडलं?" मला फरक जाणवला होता. पहिलीत सगळं अंगावर येणारं, ओबडधोबड. दुसरी घासूनपुसून लख्ख केलेली, गाण्यांना गोडवा जास्त. पण 'बिघडलं' हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. आणि हा निकाल एकट्या त्याचा नाही. या वाद्यवृंदाचे जुने चाहते गेली चाळीस वर्षं या चौथ्या अल्बमवरून भांडताहेत.

आता तुम्ही म्हणाल, बाई, लंडनच्या एका गोंगाटी वाद्यवृंदाच्या जुन्या तबकडीचं आम्हाला काय? थोडा धीर धरा.

आधी हकीकत सांगते. १९७९ साली 'मोटरहेड' या दणदणीत वाद्यवृंदाच्या दौऱ्यात त्यांच्याआधी वाजवण्याची संधी या मुलींना मिळाली. मोटरहेडचा म्होरक्या लेमी त्यांचा पाठीराखा झाला. १९८० साली 'डिमॉलिशन' हा पहिला अल्बम आला, तो ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत २८व्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षी 'हिट अँड रन' थेट ५व्या क्रमांकावर. त्याच वर्षी मोटरहेडबरोबर काढलेली छोटी तबकडीही ५व्या क्रमांकावर पोहोचली. मग १९८२चा 'स्क्रीमिंग ब्लू मर्डर', आणि त्यानंतर हा 'प्ले डर्टी'.

'प्ले डर्टी'ची निर्मिती केली 'स्लेड' या सत्तरच्या दशकातल्या गाजलेल्या वाद्यवृंदाच्या नॉडी होल्डर आणि जिम ली यांनी. त्यांनी स्वतःची दोन गाणीही दिली. डोळा अमेरिकेच्या बाजारावर होता. १९८१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं होतं आणि गाणं ऐकण्याइतकंच पाहण्याची गोष्ट होऊन बसलं होतं. त्याच १९८३ साली 'डेफ लेपर्ड' या ब्रिटिश पोरांनी 'पायरोमेनिया' हा गुळगुळीत अल्बम काढून अमेरिका जिंकली होती. मग आपणही त्याच वाटेनं जावं, असं गर्लस्कूलला किंवा त्यांच्या कंपनीला वाटलं असेल, तर त्यात नवल काय?

पण 'प्ले डर्टी' ब्रिटनच्या यादीत ६६च्या वर सरकला नाही. १९८४ साली केली जॉन्सन बाहेर पडली आणि अमेरिकेला गेली. चाहत्यांनी निकाल दिला तो असा: यांनी धार विकली आणि बदल्यात काहीच मिळालं नाही. दुसरा एक गट आहे, तुलनेनं लहान. तो म्हणतो, गाणी उत्तम आहेत, केलीची गिटार इथे अधिक खुललेली आहे, आणि हाच अल्बम दुसऱ्या कुणाच्या नावानं आला असता तर तुम्हीच डोक्यावर घेतला असता. माझी सहानुभूती या दुसऱ्या गटाकडे झुकते. पण नुसत्या सहानुभूतीनं वाद मिटत नाहीत.

मी सदतीस वर्षं बँकेत काढली. कुणी कितीही रसाळ बोललं तरी आधी खातेवही उघडायची, ही जुनी खोड. भाच्यानं सांगितलेले आकडे मी कागदावर मांडले: २८, ५, २७, ६६. आणि म्हटलं, "बाबा रे, तुझ्या लक्षात आलं का? पडझड 'प्ले डर्टी'पासून नाही, त्याच्या आधीपासूनच सुरू झाली आहे." 'स्क्रीमिंग ब्लू मर्डर'मध्ये जुनाच रांगडा बाज होता. गोडवा नव्हता, अमेरिका नव्हती. तरी ५वरून २७वर घसरण झालीच. मधल्या काळात इनिड विल्यम्स वाद्यवृंद सोडून गेली होती, तिच्या जागी गिल वेस्टन आली होती. ब्रिटनमध्ये १९७९ ते ८१च्या सुमारास उठलेली हार्ड रॉकची लाटही ओसरू लागली होती. म्हणजे 'आम्हाला जुनंच हवं होतं' असं म्हणणाऱ्या चाहत्यांनी, जुनंच दिलं तेव्हा पाठ फिरवली होती. मग त्या चौघींनी काय करायचं? बदललं नाही तर शिळं, बदललं तर बाटलेलं!

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मावशी, पुरुषांनाही हेच ऐकावं लागतं." खरं आहे. १९८० साली रेडिंगच्या महोत्सवात डेफ लेपर्डवर प्रेक्षकांनी डबे फेकले होते; अमेरिकेच्या मागे लागले, हाच आरोप. तेव्हा बायका म्हणून यांच्यावरच अन्याय झाला, असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. पण पुढचंही पाहावं. डेफ लेपर्डला डबे खाऊनही पुढची संधी मिळाली, आणि 'पायरोमेनिया'च्या एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. गर्लस्कूलचा १९८५चा अल्बम नवी गायिका घेऊन निघाला, तो फक्त अमेरिकेत. मायदेशात निघालाच नाही. कर्ज थकलं की एकाला मुदतवाढ मिळते आणि दुसऱ्याच्या दारावर जप्तीची नोटीस लागते, हे मी जवळून पाहिलेलं आहे. नियम दोघांना एकच असतो, पत मात्र वेगवेगळी.

ही पत कशी ठरते? या मुलींची जी स्तुती होत आली, तिच्यातच त्याचं उत्तर आहे. 'पुरुषांसारखं वाजवतात' ही ती स्तुती. म्हणजे रांगडेपणा हा उसना घेतलेला दागिना. तोवर ठीक. त्यांनी जरा गोड सूर लावला, की लगेच 'शेवटी बायकाच!' पुरुषानं गोडवा आणला तर तो बाजाराला शरण गेला असं म्हणतात. बाईनं आणला तर तिचं मूळ रूप उघडं पडलं असं म्हणतात. पहिला आरोप कृतीवर आहे, दुसरा जातकुळीवर. पहिला पुढच्या कृतीनं पुसता येतो. दुसरा कसा पुसायचा?

१९८१ साली 'हिट अँड रन' लंडनच्या दुकानांत खपत होता, तेव्हा मी एका जिल्ह्याच्या गावी काउंटरवर बसून पावत्या फाडत होते. शेजारच्या रांगेत पंधरा माणसं असली तरी काही खातेदार माझ्या मोकळ्या खिडकीकडे येत नसत. पुढे अधिकारी झाले. कर्ज नाकारलं तर 'बाई फार कडक, साहेबांसारख्या'. मंजूर केलं तर 'बाई मऊ आहेत, जाऊन भेटा.' मधलं, साधं, नियमाप्रमाणे वागणं कुणाच्या खिजगणतीतच नव्हतं. म्हणून ती तबकडी ऐकताना मला त्या चौघी परक्या वाटल्या नाहीत.

लिहायला लागल्यावर दुसरा अनुभव आला. माझ्या पहिल्या दोन कादंबऱ्या चाळीतल्या, नोकरी करणाऱ्या बायकांच्या. वाचकांची भरभरून पत्रं आली. तिसरी मी एका धरणाखाली गेलेल्या गावावर लिहिली. पत्रं आली, पण सूर निराळा. 'तुम्ही तुमचं लिहा,' असं एका बाईंनी लिहिलं होतं. मी दोन दिवस धुमसत होते. माझं म्हणजे काय, ते यांनी कधी ठरवलं? पण मग खणातलं एक जुनं पत्र आठवलं. माझ्या एका आवडत्या लेखकानं वाट बदलली तेव्हा मी त्यांना पाठवण्यासाठी लिहिलेलं, पाठवायचं राहून गेलेलं. त्यात मी जवळपास तेच शब्द लिहिले होते. चाहता म्हणून मीही काही निराळी नव्हते. ज्यानं आपल्याला एकदा आनंद दिला, त्यानं तो जन्मभर त्याच चवीचा द्यावा, ही आपली मागणी. आपण तिला प्रेम म्हणतो. पुष्कळदा ती वसुली असते.

म्हणून चाहत्यांनी बोलूच नये का? तसं मुळीच नाही. पैसे मोजून तबकडी घेणाऱ्याला नावडली असं म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. 'प्ले डर्टी' वाईट आहे असं म्हणणाऱ्यांनी निदान तो ऐकला तरी होता. उलट, इतक्या वर्षांनीही माणसं त्यावर हिरिरीनं भांडतात, हा त्या अल्बमचा मानच आहे.

याची किंमत कळण्यासाठी लंडनपर्यंत जायला नको. श्रीनगरमध्ये शाळेत जाणाऱ्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा रॉक वाद्यवृंद काढला होता. डिसेंबर २०१२मध्ये तिथल्या एका स्पर्धेत त्यांनी वाजवलं, बक्षीसही मिळवलं. त्यानंतर इंटरनेटवर शिव्यांचा आणि धमक्यांचा भडिमार झाला. फेब्रुवारी २०१३मध्ये काश्मीरच्या मुख्य मुफ्तींनी त्यांचं वाजवणं धर्मबाह्य ठरवलं. मुख्यमंत्री मुलींच्या बाजूनं बोलले, धमक्या देणाऱ्यांवर पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. पण मुलींनी वाद्यं खाली ठेवली ती ठेवलीच. त्यांचा पहिला अल्बमसुद्धा निघाला नाही. त्यांचं गाणं चांगलं होतं की वाईट, यावर कुणी भांडलंच नाही. त्या मुली होत्या, एवढंच पुरेसं होतं.

गर्लस्कूलला चौथा अल्बम काढता आला, तो फसवता आला, त्यावरून शिव्या खाता आल्या, आणि मग पुन्हा उभंही राहता आलं. केली १९९३ साली वाद्यवृंदात परतली, काही वर्षं वाजवलं. २००७ साली कर्करोगानं ती गेली, वय अवघं ४९. मैत्रिणींनी पुढच्याच वर्षी, वाद्यवृंदाच्या तिसाव्या वर्षी, 'लेगसी' हा अल्बम काढला. २०२३ साली आणखी एक आला. त्यावर किम आहे आणि तेव्हापासून ड्रम्स वाजवणारी डेनिस डुफोर्टही आहे. साठी ओलांडलेल्या या बायका तशाच दणक्यात वाजवताना ऐकून मला माझ्या गुडघ्यांची थोडी लाज वाटली.

घरातल्या मुलीनं काही नवं करायला घेतलं की आपण विचारतो, 'जमेल का तुला?' जमलं तर टाळ्या वाजवतो. पण पहिलं जमल्यावर चौथं फसलं, तर पाचव्यासाठी आपण थांबतो का? मुलग्यांसाठी थांबतो, असं माझं निरीक्षण आहे. त्याचं दुकान बुडलं की 'अनुभव आला' म्हणतो, तिचं बुडलं की 'सांगितलं होतं' म्हणतो.

दुपारी निघताना भाचा म्हणाला, "मावशी, मला 'हिट अँड रन'च आवडतो, काय करू?" मी म्हटलं, "आवडू दे की! पण दुसरी पुन्हा एकदा ऐक. या वेळी पहिलीशी ताडून पाहू नकोस." त्यानं मान हलवली, पटलं की नाही कुणास ठाऊक. मी जिना उतरत असताना वरून सुई टेकल्याचा खरखराट आला. मी दोन पायऱ्यांवर थांबले. 'प्ले डर्टी' होता. आणि सूनबाईंनी या वेळी आवाज कमी करायला सांगितलं नाही.